पाण्याखाली कोण गेले आणि पुस्तक कोणी लिहिले

कॅरिबियन समुद्रातल्या बुडीचे जे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन माझ्या वाचनात आहे, त्यात प्रवाळाचे रंग नाहीत, माशांचे थवे नाहीत आणि आनंदही नाही. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूच्या, 1552 साली सेव्हिल येथे छापल्या गेलेल्या एका लहानशा पुस्तकात ते येते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ कुबाग्वा नावाचे एक रखरखीत बेट आहे. तिथे पिण्याचे पाणीसुद्धा समोरच्या किनाऱ्यावरून आणावे लागे. परंतु भोवतालच्या समुद्रात मोत्यांचे शिंपले विपुल होते आणि केवळ त्यांच्यासाठी स्पॅनिश लोकांनी तिथे न्युएवा कादिझ हे शहर वसवले. शिंपले वर आणण्यासाठी जी माणसे लागली, ती बहामा बेटांवरच्या लुकायन लोकांमधूनही धरून आणण्यात आली, कारण पट्टीचे पोहणारे म्हणून त्यांची ख्याती होती. लास कासास लिहितो की, या पाणबुड्यांना सकाळपासून सूर्यास्तापर्यंत तीन, चार, पाच वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोल पाण्यात उतरवले जाई. शिंपल्यांची जाळी घेऊन वर आलेला माणूस श्वास घेण्यासाठी थोडा जास्त वेळ थांबला, की होडीतला मुकादम त्याला बुक्के मारून, केसांना धरून पुन्हा पाण्यात लोटी. आणि रात्री ते पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना खोड्यात अडकवून जमिनीवर झोपवत. सततच्या खाऱ्या पाण्याने त्यांचे काळे केस करपल्यासारखे होत आणि पाठीवर मिठाचे चट्टे उठत, हा तपशील तर वाचल्यानंतर मनातून जातच नाही.

कॅरिबियन बेटांविषयीची पुस्तके मी अनेक वर्षे वाचत आलो आहे: काही बुडीची, काही प्रवासाची, काही दर्यावर्दी इतिहासाची. लास कासासची ती दोन-तीन पाने वाचल्यापासून मात्र या प्रकारचे कोणतेही पुस्तक हातात घेतले, की मी त्याला एकच गोष्ट विचारतो. या पुस्तकातल्या पाण्यात प्रत्यक्ष कोण उतरले, आणि ते पुस्तक लिहिणारा त्या वेळी कुठे उभा होता? हा प्रश्न विचारला की चाच्यांच्या, खजिन्यांच्या आणि प्रवाळाच्या त्याच त्या वाटणाऱ्या कथा एकमेकींशी बोलू लागतात. म्हणून या लेखात मी पुस्तकांचा परिचय एकेक करून देण्याऐवजी हा एक धागा धरून जाणार आहे.

लास कासासविषयी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. तो स्वतः क्युबामध्ये जमीन आणि त्या जमिनीवर राबणारे मूळ रहिवासी बाळगून होता. पुढे त्याने ते सोडले आणि उरलेले आयुष्य त्या लोकांच्या बाजूने लढण्यात घालवले. त्याच काळात, मूळ रहिवाशांची सुटका व्हावी म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असेही त्याने सुचवले होते आणि नंतर त्याबद्दल त्याला तीव्र पश्चात्ताप झाला. 1542 च्या स्पॅनिश कायद्यांनी मूळ रहिवाशांना जबरदस्तीने मोत्यांच्या कामावर नेण्यास मनाई केली, तेव्हा त्यांची जागा खरोखरच आफ्रिकी गुलामांनी घेतली. खुद्द न्युएवा कादिझ 1541 मध्ये उद्ध्वस्त झाले. शिंपल्यांचे साठे तोवर जवळजवळ ओरबाडून संपले होते. मोती संपले, पण श्वास रोखून खोल जाणाऱ्या माणसांची गरज संपली नाही, कारण याच समुद्रात आता चांदीने भरलेली जहाजे बुडू लागली होती.

या टप्प्यावर मला केव्हिन डॉसन या इतिहासकाराचे 2018 साली प्रसिद्ध झालेले ‘अंडरकरंट्स ऑफ पॉवर’ हे पुस्तक फार मोलाचे वाटते. त्याचे म्हणणे असे की, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, नद्यांवर आणि सरोवरांवर पोहणे, बुडी मारणे आणि होडी हाकणे हे लहानपणापासून अंगी मुरवलेले कौशल्य होते, आणि गुलाम म्हणून अटलांटिक पार केलेल्या लोकांनी ते आपल्याबरोबर कॅरिबियन बेटांवर नेले. त्याच काळातल्या युरोपीय खलाशांपैकी बहुतेकांना पोहता येत नव्हते. समुद्राच्या जोरावर साम्राज्य उभारणाऱ्यांना समुद्राच्या तळाशी जाता येत नव्हते आणि ज्यांना जाता येत होते, ते दुसऱ्याच्या मालकीचे होते. मालक आपले पाणबुडे भाड्याने देत; कधी त्यांना वर काढलेल्या मालातला वाटा मिळे आणि त्यातून एखादा स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेई. बुडीच्या इतिहासाची पुस्तके सहसा घंटेपासून, म्हणजे आत हवा कोंडून माणसांना पाण्याखाली नेणाऱ्या, खालून उघड्या भांड्यापासून, किंवा तांब्याच्या शिरस्त्राणापासून सुरू होतात. डॉसन ती सुरुवात माणसाच्या फुप्फुसांपर्यंत मागे नेतो, आणि मला ती दुरुस्ती अत्यंत आवश्यक वाटते.

अशा पाणबुड्यांपैकी एकाचे नाव सेव्हिलच्या दफ्तरखान्यात टिकून राहिले आहे. 1622 च्या वादळात स्पॅनिश ताफ्यातली ‘आतोचा’ आणि ‘सांता मार्गारिता’ ही जहाजे हवानाहून निघाल्यावर फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळ बुडाली. चार वर्षांनी फ्रान्सिस्को नुन्येझ मेलियान या कंत्राटदाराने हवानामध्ये तांब्याची एक घंटा ओतवून घेतली आणि शोध सुरू केला. जो गुलाम पाणबुडा प्रथम जहाज शोधेल त्याला मुक्त करण्यात येईल, असे वचनही दिले. हुआन बान्योन नावाचा पाणबुडा जून 1626 मध्ये ‘सांता मार्गारिता’मधली चांदीची लगड घेऊन वर आला. युजीन लायन या इतिहासकाराने ही कागदपत्रे वाचून ‘आतोचा’च्या शोधाची जी हकीकत लिहिली, ती खजिना शोधणाऱ्यांच्या पुस्तकांमध्ये मला सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण त्यात तळावरच्या चांदीइतकेच लक्ष सेव्हिलच्या कागदांकडे आहे.

याउलट ‘कॉन्सेप्सियोन’ या जहाजाच्या कथेत पाणबुड्याचे नावच नाही. 1641 मध्ये हे जहाज वादळात सापडून भरकटत गेले आणि हिस्पॅनिओला बेटाच्या उत्तरेकडील प्रवाळाच्या खडकांवर आदळून फुटले. त्या जागेला आज ‘सिल्व्हर बँक’ म्हणतात. मेन प्रांतात जन्मलेला आणि जहाजबांधणीचे काम शिकलेला विल्यम फिप्स अल्बेमार्लच्या ड्यूकचे भांडवल घेऊन या जहाजाच्या मागावर गेला, आणि 1687 च्या सुरुवातीला त्याच्या सोबतच्या लहान जहाजावरील लोकांना ती जागा सापडली. कॉटन मेदर या बोस्टनच्या धर्मोपदेशकाने 1697 मध्ये फिप्सचे चरित्र लिहिले; त्यातला शोधाचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो. निराश होऊन परतण्याच्या बेतात असताना होडीतल्या एकाला नितळ पाण्यात खडकावर उगवलेले, पिसासारखे दिसणारे एक प्रवाळ दिसते. निदान एवढे तरी घरी नेऊ, असे म्हणून ते लोक आपल्याबरोबरच्या एका मूळ रहिवासी पाणबुड्याला ते काढायला पाठवतात. तो ते घेऊन वर येतो आणि सांगतो की, जिथे हे उगवले आहे तिथे मोठमोठ्या तोफा पडलेल्या आहेत. फिप्सने त्या जागेवरून दोन लाख पौंडांहून अधिक किमतीचा माल, मुख्यतः चांदी, इंग्लंडला नेला. त्याच वर्षी राजाने त्याला ‘सर’ केले, आणि 1692 मध्ये तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. ज्याने तोफा पाहिल्या तो माणूस मेदरच्या पुस्तकात ‘त्यांच्या इंडियनांपैकी एक’ एवढाच राहिला.

या लुटीचा परिणाम लंडनमध्ये फार दूरवर गेला. पुढच्या दशकात बुडालेली जहाजे शोधण्याच्या आणि बुडीची यंत्रे बनवण्याच्या योजनांना तिथे पैशाचा पूर आला. 1691 मध्ये एडमंड हॅलीने, म्हणजे ज्याच्या नावाने आपण धूमकेतू ओळखतो त्याच हॅलीने, एक सुधारलेली घंटा तयार केली. घंटा दहा मीटर खाली गेली की तिच्यातली हवा दाबाने निम्म्या जागेत आक्रसते आणि पाणी अर्ध्यापर्यंत वर चढते. शिवाय आतल्या माणसांच्या श्वासाने हवा दूषित होत जाते. हॅलीने शिशाने जड केलेल्या पिंपांमधून ताजी हवा खाली पाठवण्याची सोय केली. ‘कॉन्सेप्सियोन’वर मात्र काम झाले ते श्वास रोखणाऱ्या माणसांकडूनच, आणि प्रवाळाने गिळलेल्या पेट्या फोडून काढताना त्यांना काय सोसावे लागले, हे कळायला आपल्याला आजही मालाच्या हिशेबांच्या ओळींमधून वाचावे लागते.

अल्बेमार्लचा ड्यूक या मोहिमेत श्रीमंत झाला आणि त्याच वर्षी जमैकाचा गव्हर्नर म्हणून निघाला. त्याच्याबरोबर वैद्य म्हणून गेलेला तरुण म्हणजे हान्स स्लोन. स्लोनने जमैकामध्ये सुमारे सव्वा वर्ष काढले, आठशेच्या आसपास वनस्पतींचे नमुने गोळा केले आणि 1707 व 1725 मध्ये दोन भव्य खंडांत त्या प्रवासाचे पुस्तक छापले. कॅरिबियन बेटांविषयीचे एकच जुने पुस्तक चाळायचे असेल तर मी निःशंकपणे हेच सुचवेन. त्यात वनस्पती आहेत, मासे आहेत, रोग्यांच्या नोंदी आहेत आणि 1688 मध्ये आफ्रिकी गुलामांच्या एका मेळाव्यात ऐकलेल्या गाण्यांची स्वरलिपीसुद्धा आहे. त्या बेटांवरच्या आफ्रिकी संगीताची अशी इतकी जुनी नोंद दुर्मीळ आहे. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून काढलेले, प्रवाळ चढलेले लाकूड आणि नाणी यांचे चित्रही त्यात आहे. ज्या हातांनी ती वस्तू तळावरून उचलली ते हात चित्रात येत नाहीत. वस्तू मात्र शास्त्रीय नमुना होऊन येते. स्लोनची पत्नी जमैकातल्या एका मळेवाल्याची विधवा होती आणि तिथल्या साखरेचे उत्पन्न त्याच्या संग्रहाच्या कामी आले. तोच संग्रह 1753 मध्ये ब्रिटिश म्युझियमचा पाया ठरला. हे सारे एका पुस्तकाच्या पोटात आहे, म्हणून त्याला केवळ निसर्गविज्ञानाचा ग्रंथ म्हणणे मला अपुरे वाटते.

स्लोनच्या रोग्यांमध्ये हेन्री मॉर्गन होता. पनामा लुटणारा, पुढे जमैकाचा नायब गव्हर्नर झालेला हा दर्यावर्दी स्लोनच्या नोंदीत पिवळट डोळ्यांचा, कृश आणि पोट सुटलेला, रात्रभर मित्रांबरोबर पिणारा आजारी माणूस म्हणून दिसतो. गोऱ्या वैद्यांनी गुण येईना तेव्हा त्याने एका आफ्रिकी वैद्याचे उपचार घेतले, हेही स्लोन नोंदवतो. मॉर्गनची जी प्रतिमा जगभर पसरली ती मात्र दुसऱ्या एका वैद्याने घडवली. अलेक्झांडर एक्सकेमेलिन 1666 मध्ये तोर्तुगा बेटावर करारबद्ध नोकर म्हणून उतरला, मालकांच्या हाती हाल सोसून सुटला आणि समुद्री लुटारूंच्या टोळीत शस्त्रवैद्य झाला. त्याचे पुस्तक 1678 मध्ये अॅमस्टरडॅम येथे डच भाषेत निघाले. 1684 मध्ये इंग्रजी आवृत्त्या येताच मॉर्गनने प्रकाशकांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि भरपाई मिळवली. आपण नोकर म्हणून बेटांवर आलो हे विधान त्याला विशेष झोंबले होते. एक्सकेमेलिनच्या पुस्तकातला सर्वांत बोलका भाग मला लढायांचा वाटत नाही. मोहिमेवर निघण्यापूर्वी होणाऱ्या कराराची कलमे त्याने दिली आहेत: उजवा हात गमावल्यास 600 नाणी किंवा सहा गुलाम, डावा हात गमावल्यास 500 नाणी किंवा पाच गुलाम, एक डोळा गेल्यास 100 नाणी किंवा एक गुलाम. आपापसांत इतक्या न्यायाने वागणाऱ्या या टोळीने माणसाची किंमत माणसांतच मोजली, हे त्या तक्त्यात स्वच्छ दिसते, आणि चाच्यांच्या लोकशाहीवर उत्साहाने लिहिणाऱ्या आजच्या काही लेखकांनी तो तक्ता शेवटच्या स्तंभापर्यंत वाचावा असे मला मनापासून वाटते.

आपल्या किनाऱ्याचा या समुद्राशी एक थेट संबंध याच काळात येतो, म्हणून तो इथे नोंदवतो. 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेकडे परतणाऱ्या यात्रेकरूंनी भरलेले ‘गंज-ए-सवाई’ हे मोगल जहाज लुटले, त्यावरील स्त्रियांवर अत्याचार केले, आणि पुढच्या वर्षी तो बहामामधल्या नासाऊ बंदरात जाऊन तिथल्या गव्हर्नरला लाच देऊन आश्रय मिळवता झाला. सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना त्यापायी कैद भोगावी लागली. कॅरिबियन चाच्यांच्या पुस्तकांमध्ये हा प्रसंग बहुधा एव्हरीच्या भाग्योदयाची कथा म्हणून येतो. मोगल इतिहासकार खाफीखानाचा इतिहास शेजारी ठेवून वाचला तरच त्यातल्या माणसांचे काय झाले ते कळते.

मॉर्गन 1688 मध्ये वारला आणि पोर्ट रॉयलजवळच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. चार वर्षांनी, 7 जून 1692 रोजी, दुपार होण्याच्या थोडे आधी, भूकंपाने ती दफनभूमी आणि शहराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग समुद्रात गेला. पोर्ट रॉयल हे किंग्स्टनच्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या लांबट दांड्यावर वसलेले होते आणि त्या वाळूवर विटांची मजली घरे दाटीने उभी होती. हादऱ्यांनी पाण्याने भिजलेली वाळू द्रवासारखी झाली आणि घरे उभ्याउभी खाली गेली. सुमारे दोन हजार माणसे त्या दिवशी मेली आणि जवळपास तितकीच नंतरच्या रोगराईत गेली. लुईस गॅल्डी नावाचा एक व्यापारी जमिनीत गाडला गेला, पुढच्या हादऱ्याने समुद्रात फेकला गेला आणि होडी येईपर्यंत पोहत राहून वाचला. तो 1739 मध्ये वारला आणि ही हकीकत त्याच्या थडग्यावर कोरलेली आहे.

बुडालेल्या शहरांविषयी जी पुस्तके निघतात त्यांत पोर्ट रॉयलची पुस्तके वेगळी ठरतात, कारण त्यांत पाण्याखालचे काम किती आंधळे असते ते कळते. 1959 मध्ये एडविन आणि मॅरियन लिंक हे दांपत्य ‘सी डायव्हर’ नावाचे, खास पाण्याखालच्या संशोधनासाठी बांधलेले जहाज घेऊन तिथे गेले. त्यांना सापडलेल्या एका पितळी घड्याळावर चढलेल्या थराचे क्ष-किरण चित्र काढल्यावर काटे अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांवर होते, असे दिसले. 1965 ते 1968 या काळात रॉबर्ट मार्क्सने तिथे मोठे उत्खनन केले आणि त्यावर लोकप्रिय पुस्तके लिहिली. त्यांत खजिना शोधणाऱ्याचा जोश पुष्कळ आहे आणि तो मला कधी कधी खटकतो. परंतु गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नसताना, गाळ ओढून घेणाऱ्या नळीजवळ चाचपडत, कोणत्याही क्षणी कोसळू शकणाऱ्या भिंतींखाली काम करणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके जिवंतपणे कोणी लिहिलेले नाही. 1981 ते 1990 या काळात डॉनी हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली टेक्ससमधल्या संशोधकांनी लाइम स्ट्रीटवरच्या इमारती शिस्तीने खोदल्या. शहर इतक्या झटकन गेले की ताटे, पाइप, बाटल्या, मोजमापाची वजने जिथल्या तिथे राहिली; प्राणवायूविना असलेल्या गाळाने चामडे आणि लाकूडही जपले. 2025 मध्ये युनेस्कोने या पुरातत्त्वीय परिसराला जागतिक वारसा यादीत घेतले.

आनंदाने मारलेल्या बुडीची पुस्तके फार उशिरा आली. विल्यम बीबी हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ 1927 मध्ये हैतीला गेला आणि पोर्ट-ओ-प्रिन्सच्या आखातात तांब्याचे शिरस्त्राण घालून उतरला. ते खांद्यांवर नुसते टेकलेले, खालून उघडे असे. वरच्या होडीतून हातपंपाने नळीवाटे हवा येत राही आणि माणूस वाकला तर पाणी तोंडापर्यंत चढे. त्याच्या ‘बिनीथ ट्रॉपिक सीज’ या 1928 च्या पुस्तकात वाचकाला कळकळीची विनंती आहे की, मरण्यापूर्वी उसने, चोरून, विकत किंवा घरी बनवून, कसेही करून एक शिरस्त्राण मिळवा आणि हे जग पाहा. बीबीची भाषा मला फार आवडते, कारण त्याचा विस्मय निरीक्षणातून येतो. तो प्रवाळावर बसून एकाच माशाकडे पाहत राहू शकतो. मात्र त्या वेळी हैती अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता, आणि समुद्राच्या तळाशी इतके बारकाईने पाहणारा हा माणूस किनाऱ्यावरच्या त्या वस्तुस्थितीकडे तितक्या बारकाईने पाहत नाही.

हान्स हास 1939 मध्ये दोन मित्रांसह क्युरासाओ आणि बोनेर बेटांवर पोहोचला तेव्हा वीस वर्षांचा होता. हवेची नळी नाही, शिरस्त्राण नाही. भाला आणि जलरोधक पेटीत बसवलेला कॅमेरा एवढ्यावर त्यांनी शार्कमधून वावर केला, आणि पाण्याखाली जोरात ओरडले की शार्क दूर पळतात असा अनुभव घेतला. ते तिथे असतानाच युरोपात युद्ध पेटले. त्याचे त्या प्रवासावरचे पुस्तक तारुण्याने ओसंडून वाहणारे आहे, पण त्यात मारलेल्या माशांची संख्या आज वाचताना अस्वस्थ करते. बोनेरने 1971 मध्ये भाल्याने मासेमारीवर बंदी घातली आणि 1979 मध्ये बेटाभोवतीचा समुद्र संरक्षित केला, हे हासच्या पुस्तकानंतर लगेच वाचावे. ऑस्ट्रियातून आलेला तो विद्यार्थी आणि कुबाग्वाचा लुकायन पाणबुडा हे दोघेही एकाच समुद्रात केवळ श्वास रोखून उतरले होते.

स्थानिक दर्यावर्द्यांचे ज्ञान मानाने घेणारे पुस्तक म्हणून मी आर्ची कार यांच्या ‘द विंडवर्ड रोड’चे नाव घेईन. 1956 साली निघालेले हे पुस्तक समुद्री कासवांच्या शोधात केलेल्या भटकंतीचे आहे. केमन बेटांचे तांडेल पिढ्यान्‌पिढ्या निकाराग्वाच्या किनाऱ्याजवळ हिरवी कासवे धरत आणि ती शेकडो मैलांवरून आपल्या जागी परत येतात असे ठामपणे सांगत; पकडलेल्या कासवांवर ते खुणा करत, म्हणून निसटलेले कासव पुन्हा सापडले की त्यांना ओळखू येई. कार यांनी ही भाकडकथा मानली नाही. त्यांनी कोस्टारिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर कासवांना बिल्ले लावायला सुरुवात केली आणि तांडेलांचे म्हणणे मूलतः खरे ठरले. या पुस्तकाच्या वाचकांमधूनच पुढे कासवांच्या रक्षणाची संघटना उभी राहिली. विद्वान माणसाने खलाशाजवळ बसून ऐकावे कसे, याचा नमुना म्हणून मी हे पुस्तक मित्रांना देतो.

प्रवासवर्णनांवर मी फार थांबत नाही. पॅट्रिक ली फर्मर यांचे 1950 चे पुस्तक गद्याच्या सौंदर्यासाठी आणि डॉमिनिकातल्या मूळ रहिवासी कालिनागो लोकांच्या भेटीसाठी वाचावे. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या व्ही. एस. नायपॉल यांचे ‘द मिडल पॅसेज’ तीक्ष्ण आहे. पण या बेटांवर काही निर्माणच झाले नाही, हा त्यातला निष्कर्ष डॉसनच्या पाणबुड्यांपुढे, स्लोनने उतरवून घेतलेल्या गाण्यांपुढे आणि केमनच्या तांडेलांपुढे मला टिकत नाही. त्रिनिदादमध्येच, 1845 मध्ये ‘फतेल रझाक’ जहाजातून आलेल्या मजुरांपासून सुरू झालेल्या भारतीय वस्तीत, फेलिसिटी नावाच्या गावी रामलीला पाहताना कवी डेरेक वॉल्कॉट यांना जे दिसले त्यावर त्यांनी 1992 चे नोबेल भाषण उभारले, आणि नायपॉल यांच्या पुस्तकाला ते भाषण फार चांगले उत्तर आहे.

पाण्यावरच्या गुलामाने स्वतः लिहिलेले पुस्तक हवे असेल तर ओलौदा इक्वियानोचे 1789 चे आत्मचरित्र आहे. माँटसेराट बेटावरच्या व्यापाऱ्याच्या मालकीचा असताना तो गलबतावर काम करी. जवळ असलेल्या तीन पेन्सचा त्याने सेंट युस्टेशियस बेटावर एक काचेचा पेला घेतला, माँटसेराटला तो सहा पेन्सला विकला, मग दोन पेले घेतले, आणि असे करत करत जुलै 1766 मध्ये 40 पौंड भरून स्वतःला सोडवले. पुढच्या वर्षी बहामाच्या खडकांवर जहाज आदळले तेव्हा कप्तानाने तळघरात असलेल्या वीसहून अधिक गुलामांवर झाकणे ठोकून बंद करण्याचा हुकूम सोडला. इक्वियानोने विरोध केला, झाकणे उघडी राहिली, आणि त्याने काही थोड्या सोबत्यांसह होडीच्या फेऱ्या करून सर्वांना खडकावर पोहोचवले. जहाजफुटीची अनेक वर्णने मी वाचली आहेत; त्यांत हे मी सर्वांत वर ठेवतो. त्याच्या जोडीला ज्युलियस स्कॉट यांचे ‘द कॉमन विंड’ वाचावे. 1986 चा हा प्रबंध पुस्तक म्हणून यायला 2018 उजाडले, पण बंदराबंदरांतून फिरणारे कृष्णवर्णीय खलाशी, पळालेले गुलाम आणि बाजारकरणी यांनी हैतीच्या क्रांतीची बातमी बेटांबेटांवर कशी नेली, हे त्यातूनच मला समजले.

यांपैकी लास कासास, एक्सकेमेलिन, मेदर, स्लोन आणि इक्वियानो यांची पुस्तके स्वामित्वहक्काबाहेर असल्याने इंटरनेटवरच्या ग्रंथसंग्रहांत मोफत वाचता येतात. स्लोनचे खंड मोठे असल्यामुळे आधी प्रस्तावना आणि रोग्यांच्या नोंदी वाचाव्यात, वनस्पतींची पाने नंतर सवडीने पाहावीत. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी इक्वियानोचा बहामाचा भाग आणि डॉसनची पाणबुड्यांवरची प्रकरणे लागोपाठ वाचली तरी पुरेसे आहे. मार्क्स आणि हास त्यानंतर हाती घ्यावेत.